आधी चिंचोक्यांवर खेळून पाहिलं

भाऊबीजेला आम्ही दरवर्षी नाशिकहून पुण्याला नणंदेकडे जातो. ओवाळणी, श्रीखंड-पुरी, दुपारची डुलकी आणि चारच्या चहानंतर निघायची घाई, असा ठरलेला कार्यक्रम असतो. २०२५च्या दिवाळीत तो पार विस्कटला. जेवणं झाल्यावर ताईंच्या मुलाने टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरला, प्लास्टिकचे इटुकले आगगाडीचे डबे काढले आणि आमच्या दोघांना खेळायला बसवलं. मुक्ता साडेनऊ वर्षांची, चिकूला नुकतं सहावं पूर्ण झालेलं. चारऐवजी आम्ही साडेसातला निघालो आणि चाकण मागे पडेपर्यंत मागच्या सीटवरून एकच पालुपद चालू होतं, ‘आपण पण घेऊ या ना!’

खेळाचं नाव ‘टिकट टू राइड’. निघता निघता नवऱ्याने ताईंना किंमत विचारली होती.

“साडेतीन-चारच्या आसपास असेल.”

“शंभर?”

“हजार रे बाबा.”

यावर तो जे गप्प झाला ते थेट सिन्नर आल्यावर बोलला. “एवढ्यात गाडीची सर्व्हिसिंग होते.”

त्याचं चूक नव्हतं. आमच्या कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा म्हणजे खेळांचं स्मशान आहे. अर्ध्या नोटा हरवलेला व्यापार आहे, दोनशे तुकड्यांतले एकशे सत्त्याण्णव शिल्लक असलेलं जिगसॉ आहे, सेल गेले म्हणून बंद पडलेला मासे पकडायचा खेळ आहे. दारामागे कॅरम आहे, पण पावडरीवरून माझं आणि मुलांचं भांडण होतं म्हणून तो बहुतेक वेळ दारामागेच असतो. यातली प्रत्येक वस्तू घेताना मुलांनी अशीच टकळी लावली होती आणि प्रत्येक वेळी मी ‘मोबाइलपेक्षा बरं’ म्हणून पाकीट उघडलं होतं.

व्यापारबद्दल थोडं सांगायला हवं, कारण माझा निर्णय निम्मा त्याच्यावरच बेतलेला आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चुलत-मावस भावंडं तो दिवसदिवस खेळायचो. त्या आठवणीने मध्यंतरी मी मोठ्या हौसेने नवा आणला. पहिल्याच रविवारी चिकू विसाव्या मिनिटाला कफल्लक झाला आणि पुढचा दीड तास बाजूला बसून आम्हाला खेळताना बघत राहिला. दुसऱ्या रविवारी त्याने सरळ पट उधळून दिला. तेव्हा लक्षात आलं, आम्ही लहानपणी दहा जण असायचो. एक बाद झाला की त्याच्याबरोबर अंगणात जायला आणखी दोघं बाद झालेले असायचे. आमच्या फ्लॅटमध्ये बाद झालेलं मूल कुठे जाणार?

आगगाडीच्या या खेळात कोणी बाद होत नाही, हे ताईंकडेच मला जाणवलं होतं. प्रत्येकाला पंचेचाळीस डबे मिळतात. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची: रंगीत पत्ते उचलायचे, किंवा एकाच रंगाचे पुरेसे पत्ते टाकून दोन शहरांमधला एक मार्ग आपल्या डब्यांनी भरायचा, किंवा नवी तिकिटं घ्यायची. तिकिटावर दोन शहरांची नावं आणि गुण असतात. ती शहरं आपल्या मार्गांनी जोडली तर तेवढे गुण मिळतात, नाही जोडली तर तेवढेच कापले जातात. कोणाचे तरी दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की प्रत्येकाला एकेक शेवटची पाळी आणि खेळ संपला. तिकिटं शेवटपर्यंत झाकलेली असतात, त्यामुळे आपण हरतोय हे अखेरच्या मोजणीपर्यंत नक्की कोणालाच कळत नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही फार मोठी सोय आहे.

पुढचा आठवडाभर रात्री मुलं झोपल्यावर मी वाचत बसले. ॲलन मून नावाच्या माणसाने हा खेळ तयार केला, २००४ साली तो बाजारात आला आणि त्याच वर्षी जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’ हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार त्याला मिळाला. ‘कतान’ या दुसऱ्या एका खेळाला तो १९९५ मध्ये मिळाला होता. कतानची शिफारस मला ऑफिसमध्ये दोघांनी केली, पण त्याच्या डब्यावर दहा वर्षांपुढे आणि तीन ते चार खेळाडू असं लिहिलेलं असतं. आमच्याकडे मंगळवारी संध्याकाळी खेळायला कोण असतं? नवरा साडेआठला येतो, मी स्वयंपाकघरात. म्हणजे उरली दोन मुलं आणि आजी. आजी बसल्या नाहीत तर दोघंच. म्हणून दोघांत न चालणारा खेळ मी तिथेच बाद केला. ‘किंगडोमिनो’ दोघांत चालतो, पंधरा मिनिटांत संपतो, बराच स्वस्तही आहे. पण तो दाखवल्यावर मुलांनी नाकं मुरडली. त्यांना आगगाडीच हवी होती.

त्यातही एक पेच होता. टिकट टू राइडच्या डब्यावर वय आठच्या पुढे. सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘फर्स्ट जर्नी’ नावाची सोपी आवृत्ती मिळते. तिच्यात गुणांची भानगड नाही, जो सहा तिकिटं आधी पुरी करेल तो जिंकला. चिकूला ती अगदी मापाची होती, पण मुक्ताला वर्षभरात कंटाळा आला असता. मोठा खेळ घेतला तर चिकू रडणार, लहान घेतला तर मुक्ता उठून जाणार. दोन्ही घेण्याइतके आम्ही उदार नाही.

म्हटलं, आधी घरी करून बघू. नियम तर कळलेच आहेत.

स्टेशनरीच्या दुकानातून महाराष्ट्राचा कोरा नकाशा आणला आणि तो बघून मुक्ताने एका मोठ्या कार्डशीटवर नकाशा काढला. तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार त्यातच गेला. अमेरिकेऐवजी आपल्याच रेल्वे घ्यायच्या ठरलं. मुंबई, कल्याण, नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर ही वरची ओळ. खाली कल्याण, पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर. पुण्याहून मिरज, मिरजेहून कोल्हापूर. मनमाडहून संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड. कोकण रेल्वे थेट मडगावपर्यंत. साधारण साठ किलोमीटरला एक घर, म्हणजे एका डब्याची जागा, असा हिशेब धरला. नाशिक ते मनमाड एक घर, मनमाड ते भुसावळ तीन, मनमाड ते दौंड चार, मुंबई ते रत्नागिरी सहा.

मूळ खेळात एका घराच्या मार्गाला एक गुण मिळतो, दोनला दोन, पण तीनला चार, चारला सात, पाचला दहा आणि सहाला एकदम पंधरा. तेवढं मी तसंच ठेवलं. त्याचा परिणाम असा की आमच्याकडे पहिल्या दिवसापासून कोकण रेल्वेवर सगळ्यांचा डोळा.

नकाशा काढून झाल्यावर सासूबाई चष्मा लावून त्यावर वाकल्या. त्यांचं माहेर बीड.

“बीड कुठाय?”

“अहो आई, बीडला रेल्वे...”

“आली की! सप्टेंबरात आली. सतरा तारखेला, मुक्तिदिनाला. माझ्या भावाने व्हिडिओ पाठवला होता, तुलाही दाखवला होता.”

दाखवला होता खरा. अहिल्यानगर ते बीड गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झालेला. सासूबाईंनी तो आयुष्यभर निवडणुकीच्या भाषणांतच ऐकला होता. मुक्ताने बीडचा ठिपका काढला, अहिल्यानगरपासून तीन घरं आखली आणि पुढे परळीपर्यंत तुटक रेघ मारली. “ही अजून व्हायचीय, इथून जायचं नाही,” असं तिने चिकूला बजावलं. त्यावर चिकूने विचारलं की कोल्हापूर ते रत्नागिरी रेघ का नाही. मध्ये सह्याद्री आहे म्हटलं, तर म्हणाला, “मग बोगदा करायचा.” त्याला म्हटलं, आधी दात घास.

पत्त्यांचं जमवायला जरा डोकं चालवावं लागलं. मूळ खेळात आठ रंगांचे बारा-बारा पत्ते आणि कुठल्याही रंगाऐवजी चालणारी चौदा इंजिनं असतात, एकूण एकशे दहा. घरात रमीचे दोन कॅट होते. चार जोकर धरून एकशे आठ. पण आपल्याकडे बदाम, चौकट, किल्वर, इस्पिक असे चारच. चारावर खेळून बघितलं तर कोणालाही हवं ते लगेच मिळू लागलं आणि खेळ दहा मिनिटांत आटोपला. मग प्रत्येकाचे दोन भाग केले. एक्का ते सत्ती ‘लहान बदाम’, अठ्ठी ते राजा ‘मोठा बदाम’. असे आठ झाले. चार जोकर म्हणजे इंजिनं. ती फारच कमी पडत होती, पण चाललं. तिकिटं जुन्या लग्नपत्रिका कापून केली. नागपूर-मुंबई, नाशिक-सोलापूर, मडगाव-चंद्रपूर, कोल्हापूर-बीड. सोनेरी गणपती मागच्या बाजूला, त्यामुळे पाठीवरून तिकीट ओळखता येत नाही म्हणून मुक्ता खूश.

आणि डबे म्हणजे राजमा, छोले, शेंगदाणे आणि चिंचोके. प्रत्येकी तीस. चिंचोके सासूबाईंनी स्वतःच्या बरणीतून काढून दिले. लहानपणी त्या ते उभे फोडून, एक बाजू पांढरी ठेवून कवड्यांसारखे टाकायच्या आणि जमिनीवर खडूने पट आखून खेळायच्या. “आम्हाला कोण डबा विकत आणून देत होतं,” असं म्हणाल्या खऱ्या, पण बसल्या.

मला वाटलं होतं त्यांना नियम समजावायला अर्धा तास जाईल. चिकू पत्ते वाटत असताना मी जेमतेम दोन वाक्यं बोलले असेन.

“म्हणजे हातात एकाच जातीचे पत्ते जमवायचे, खाली उघडे पाच आहेत त्यातला उचलायचा नाहीतर गड्डीतला. ही तर रमी आहे.”

खरंच रमी आहे. भाच्याने पुण्यात मला हेच अर्धा तास समजावलं होतं.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. चिकूने शेंगदाण्यांचे डबे घेतले होते. मध्येच मुक्ता ओरडली, “आई, हा डबे खातोय!” मोजले तर नकाशावर नऊ, हातात दोन, बाकीचे पोटात. पण हातात दोनच डबे उरले म्हणजे नियमाप्रमाणे शेवटची फेरी सुरू. मुक्ताचं नागपूरचं तिकीट एका मार्गासाठी अडलेलं होतं. ती रडकुंडीला आली, आणि चिकूला मात्र खेळ पाहिजे तेव्हा संपवायचा उपाय सापडला. दुसऱ्या दिवसापासून शेंगदाणे बंद, त्याच्या वाट्याला पावटे आले.

दुसरी गोष्ट जरा गंभीर होती. मुक्ताकडे नाशिक-सोलापूर तिकीट होतं. मनमाडवरून दौंडला उतरायचं म्हणून ती चार-पाच पाळ्या मोठे किल्वर जमवत होती. चौथं किल्वर हातात आलं, आता पुढच्या पाळीला टाकणार, तेवढ्यात सासूबाईंनी शांतपणे मनमाड-दौंडवर चार चिंचोके ओळीने मांडले. मुक्ताचा चेहरा बघण्यासारखा झाला. “आजी, ते माझं होतं!” सासूबाई म्हणाल्या, “रमीत काय मी तुझ्यासाठी पत्ता सोडते?” मी स्वयंपाकघराच्या दारात कणीक मळायचे हात घेऊन उभी. आता पट उधळला जाणार, असं वाटलं.

मुक्ता दोन मिनिटं काहीच बोलली नाही. मग बोटाने नकाशावर घरं मोजायला लागली. नाशिक-कल्याण दोन, कल्याण-पुणे दोन, पुणे-दौंड एक, दौंड-सोलापूर तीन. आठ. परत मोजलं. मनमाडवरून एक, चार आणि तीन, तेही आठच. “तेवढेच डबे लागतात!” ती स्वतःशीच म्हणाली आणि किल्वर बाजूला सारून नव्याने पत्ते उचलायला लागली. ते तिकीट तिने पुरं केलं की नाही ते आता आठवत नाही. बहुतेक नाही. पण ती दोन मिनिटं मी नवऱ्याला रात्री सविस्तर सांगितली.

चिकूचं काय करायचं हा प्रश्न मात्र राहिला. जोडाक्षरांचं गाव आलं की त्याचं वाचन अडतं, आणि कापलेले गुण त्याला सहन होत नाहीत. तिसऱ्यांदा उणे सहावर आला तेव्हा तो टेबलाखाली जाऊन बसला. मग आम्ही त्याच्यापुरता नियम केला की त्याच्या अपुऱ्या तिकिटाचे गुण कापायचे नाहीत, आणि तिकिटावर गावाच्या नावाशेजारी एकेक चित्र काढायचं. नागपूरला संत्रं, कोल्हापूरला फेटा, नाशिकला द्राक्षं. बीडला काय काढायचं यावर सासूबाईंनी बरीच चर्चा केली आणि शेवटी सीताफळ ठरलं. फर्स्ट जर्नीचा विचार मी तेव्हा सोडला. सवलत देऊन तो मोठ्यांच्या खेळात बसतोय आणि त्याला तेच हवंय, हे दिसत होतं.

नवऱ्याशी ठरलं होतं ते असं: जेव्हा जेव्हा खेळ मांडला जाईल तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बरोबरची खूण करायची. संक्रांतीपर्यंत पंधरा खुणा झाल्या तर घ्यायचा, नाहीतर विषय बंद. मुलांना हे सांगायचं नाही, नाहीतर ती रोज मांडून मोडतील. खुणा करायचं काम सासूबाईंकडे. त्यांना कारण सांगितलं होतं, आणि त्यांनी ते गुपित चक्क पाळलं.

संक्रांतीला तीळगूळ देऊन झाल्यावर आम्ही मोजलं. तेवीस. मधला एक आठवडा शाळेच्या परीक्षेत कोरा होता, एक आठवडा चिकूच्या तापात. तरी तेवीस. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. सासूबाईंनी प्रत्येक खुणेशेजारी बारीक अक्षरात कोण कोण खेळलं ते लिहिलं होतं: ‘मु, चि, मी.’ ‘मु, मी.’ ‘चि, मी.’ तेवीसपैकी चौदा वेळा आम्ही नवराबायको त्यात नव्हतोच. कपाटाच्या वरच्या कप्प्यातला एकही खेळ आमच्या हाकेशिवाय कधी खाली आला नव्हता.

“घेऊ या,” नवरा म्हणाला. “पण चार हजार नाही हं. ऑनलाइन एक चौदाशेला दिसतोय.”

इथे मी शहाणपण दाखवायला हवं होतं. तोच खेळ, तेच चित्र, किंमत निम्म्याहूनही कमी, हे बघून शंका यायला हवी होती. आली नाही. मागवला.

डबा आला तेव्हा वरून सगळं ठीक होतं. पट उघडला तर मधल्या घडीवर फुगलेला, टेबलावर सपाट बसेना. मुक्ता डबे मोजायला बसली. प्रत्येक रंगाचे पंचेचाळीस आणि हरवले तर म्हणून तीन जादा, असे अठ्ठेचाळीस हवेत. निळे सेहेचाळीस निघाले, हिरवे चव्वेचाळीस. पत्ते एकशे नऊ, त्यातही पांढरे तेरा. तरीही मी म्हणत होते की चालेल, चौदाशेत काय वाईट आहे.

संध्याकाळी नवरा खेळायला बसला आणि तिसऱ्याच पाळीला त्याने हिरव्या मार्गावर लाल पत्ते टाकले. त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली, केळी पिकलीत का हे आजही मला विचारतो. पण गेले अडीच महिने आम्ही खेळत होतो तेव्हा हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण बदाम आणि किल्वर आकारावरून कळतात. ताईंकडच्या खेळात मुक्ताने बघितलं होतं की पत्त्यांवर रंगाबरोबर एक छोटी खूणही असते आणि तीच मार्गाच्या घरांत असते. रंग कळला नाही तरी खूण जुळवता येते. या पत्त्यांवर ती खूण होती, पण छपाई इतकी पुसट की चष्मा लावूनही सापडेना. आणि पटावर ती घरांच्या बाहेर सांडलेली.

“म्हणजे हे डुप्लिकेट आहे,” नवरा म्हणाला. रंग न दिसणाऱ्या माणसाने नकली माल ओळखला, यावर सासूबाई बराच वेळ हसत होत्या. परत पाठवायला सहा दिवस आणि चार फोन लागले, पैसे आले. विकणाऱ्याचं म्हणणं होतं की मुलांच्या खेळण्यात दोन डबे इकडेतिकडे व्हायचेच.

मग ताईंनाच सांगितलं. त्यांच्या ओळखीच्या दुकानातून त्यांनी खरा डबा घेतला, तीन हजार आठशेला. त्यातले हजार रुपये सासूबाईंनी पेन्शनमधून काढून माझ्या हातात ठेवले. मी नको नको म्हणत होते.

“मुलांसाठी नाही देत,” त्या म्हणाल्या. “ते शाळेत गेल्यावर मला कोणाबरोबर तरी खेळायला हवं. जोशीवहिनींना शिकवणार आहे.”

फेब्रुवारीत ताई स्वतःच नाशिकला आल्या आणि डबा घेऊन आल्या. या वेळी सगळ्यांनी मिळून मोजणी केली. एकशे दहा पत्ते, पाच रंगांचे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस डबे. नवऱ्याने दिव्याखाली धरून खुणा तपासल्या आणि मान डोलावली. त्याला काळे डबे दिले, लाल-हिरव्याच्या भानगडीतच नको.

पहिल्या डावात चिकूला डॅलस सापडलं. तिथे त्याचा मामा राहतो. डॅलस ते ह्यूस्टन एकाच घराचा मार्ग आहे, गुण एक. तिथे त्याचं कसलंही तिकीट नव्हतं, तरी त्याने पहिला डबा तिथेच ठेवला आणि डाव संपेपर्यंत कोणाला त्याला हात लावू दिला नाही. मुक्ताने सिअॅटल-न्यूयॉर्कचं बावीस गुणांचं तिकीट घेतलं आणि शेवटच्या फेरीत ते एका मार्गासाठी अडलं. चौघांनी खेळून पाऊण तास लागला. सर्वांत लांब सलग मार्गाचे दहा गुण असतात, ते सासूबाईंना मिळाले. त्यांनी सगळा डाव त्यासाठीच खेळलेला दिसला.

आपल्या देशाचा नकाशा मिळतो का, हे त्यांनी ताईंना विचारलंच. मिळतो, १९११ सालच्या हिंदुस्थानचा. पण तो नुसता नकाशा आणि तिकिटं, डबे आणि पत्ते या खेळातलेच वापरायचे. “एकोणीसशे अकरा म्हणजे बीड नसणार,” सासूबाई म्हणाल्या आणि तो विषय तिथेच संपला. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकलेला मी पाहिला.

कार्डशीटचा नकाशा मी टाकून देणार होते. घड्यांवर फाटलाय, सोलापूरवर वरणाचा डाग आहे. पण कालच मुक्ताने तो चिकटपट्टीने सांधला, आणि आता प्लास्टिकचे डबे त्याच्यावर चालतात. घरं चिंचोक्यांच्या मापाची असल्यामुळे डबे जरा सैल बसतात एवढंच. निळ्यांमधले जादा तीन होते ते आता दोन आहेत. तिसरा सोफ्याखाली असणार. चिकू म्हणतो, मी खाल्लेला नाही.